धान पडते का गिट्टी

माझ्या घरमालकांना हळू बोलता येत नव्हतं. "मॅडम, नळ आला" एवढं सांगायचं असलं तरी ते असं सांगत की पलीकडच्या गल्लीतल्या बायाही पाण्याचे गुंड घेऊन निघत. बदली होऊन मी सानगडीला आले, त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला लागले, तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस माझ्यावर कशानं तरी बिघडलेला आहे. मी स्वतः फटकळ. एके दिवशी जिन्यातच उभी राहून विचारलं, "काकाजी, माझं काही चुकलं का? सारखे ओरडता काहून?" पीठ बसलेल्या भुवया वर करून ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ओरडलो? मी कुठी ओरडलो?" तेही ओरडूनच.

घराला लागून त्यांची चक्की होती. टिनाच्या शेडमध्ये एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला धान भरडायचा हालर. दोन्ही एकदम चालू झाले की माझ्या मांडणीतले पेले सरकत सरकत कडेला येत. त्या घरघराटात काकाजींची उभी हयात गेली होती, आणि शेडच्या बाहेर आल्यावर आवाज खाली आणायचा असतो हे ते केव्हाच विसरले होते. गावाला त्याची सवय झालेली. बाजारात कुणी मोठ्यानं बोललं की लोक त्याला म्हणत, "काय गा, चक्कीत उभा आहेस का?" त्यांचा मुलगा राकेश नागपूरला नोकरीला होता आणि बापाच्या अगदी उलटा, ओठातल्या ओठात बोलणारा. त्याचा फोन आला की काकाजी दोन मिनिटं "हॅलो, हॅलो" करत, नेटवर्कला शिव्या घालत आणि फोन काकूंच्या हातात देत. काकूंना मात्र त्याच नेटवर्कवर सगळं नीट ऐकू यायचं. तेव्हा त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलं नाही.

या माणसाला एकाच माणसाशी बोलताना मी कधी ऐकलं नाही, आणि ती त्यांची स्वतःची मुलगी होती. घरात तिला बेबी म्हणत. आमच्याकडं घरोघरी एक बेबी असते आणि ती केस पिकले तरी बेबीच राहते. ही बेबी तेव्हा पंचविशी ओलांडलेली, लांब वेणीची, धुतलेल्या तांदळासारखी स्वच्छ. आवाज तिला सोसत नसे. भांडं पडलं, कुणी खाकरलं, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की ती दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि कधी कधी तासभर तशीच. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला एक इंग्रजी नाव सांगितलं होतं. काकाजी ते नाव घेत नसत. ते म्हणायचे, "आपल्या कानाचे दरवाजे अर्धे लोटले असते, मॅडम. हिचे सताड उघडे आहेत."

आणि गावातला सगळ्यात मोठा आवाज तिच्या बापाचा. लहानपणी तो आवाज ऐकून ती अशी थरथरायची की काकाजींनी तिच्याशी बोलणंच सोडून दिलं. ते तिच्याशी खुणेनं बोलत. हाताची चिमूट तोंडाशी नेली की जेवलीस का. तळहात गालाखाली ठेवला की झोप आली का. बेबी मानेनं उत्तर द्यायची. बाप पोरीला रोज बघतो, जीव टाकतो आणि हाक मारू शकत नाही.

बेबीला अंगण ओलांडून परसात जायचं असलं की ती दारात येऊन उभी राहायची. काकाजी शेडमधून ते बघत आणि चक्की बंद करत. दळण अर्धं पीठ, अर्धे गहू असं अडकून पडायचं. नवं गिऱ्हाईक कुरकुरलं तर जुनं गिऱ्हाईक त्याला गप्प करायचं, "थांब ना गा, बेबी चालली." ती परत येऊन दार लावून घेईपर्यंत अख्खी रांग डबे घेऊन मुकाट उभी असे. ही त्या चक्कीची रीत होती आणि ती कुठं लिहिलेली नव्हती.

त्या वर्षी कुणाचा तरी जावई पुण्याहून आला होता. सासऱ्याचं धान घेऊन चक्कीवर आला आणि कानावर मोठाले हेडफोन चढवून शेडच्या दारात मजेत बसला. काकाजींनी त्याला हाक मारली. पुन्हा मारली. आमच्या काकाजींची हाक, आणि समोर बसलेल्या माणसाला ऐकू आली नाही! ते उठले, जावयाच्या डोक्यावरून तो हेडफोन सरळ उचलला आणि स्वतःच्या कानांवर ठेवला. जावई बिचारा भला, त्यानं बटण कुठं आहे ते दाखवलं. हालर चालू होता, पट्टा फिरत होता, तांदूळ पडत होते, आणि घरघराट गेला होता. काकू सांगत, तोंड उघडं टाकून ते किती वेळ हालरकडं बघत राहिले होते.

संध्याकाळी जिन्याखालून आरोळी आली. "मॅडम! तुमच्या मोबाईलवर सामान मागवता येते ना? मले आवाजखाऊ पायजे!"

नॉईज कॅन्सलिंग हे नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. आवाजखाऊच म्हणत. मी त्यांना मोबाईलवर एकेक दाखवायला लागले तर त्यांनी आधीच अट घातली, एका कट्ट्याच्या, म्हणजे एका पोत्याच्या धानापेक्षा महाग नको. मी म्हटलं, "काकाजी, पोरीसाठी घेताय ना? मग कट्टा कसला मोजता?"

"पोरीसाठी घेऊन राहिलो म्हूनच मोजून राहिलो," ते म्हणाले. "उद्या तिनं फेकला, पाण्यात पाडला, तं तसाच दुसरा आणून देता आला पायजे. महागाचा एकदा आणला, तिले सवय झाली, अन् मंग माझ्याच्यानं झालं नाही तं?"

मी स्वस्तातले शोधायला लागले. घाईचं कारणही मला माहीत होतं. राकेशचं लग्न सिहोऱ्याच्या मुलीशी ठरलं होतं, धान निघाल्यावर करायचं होतं. नवरदेवाची बहीण करवली असते, हळदीला आणि मांडवात पाण्याचा मातीचा करा घेऊन त्याच्या मागं उभी राहते. भाऊबंदांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की करवली म्हणून चुलत्याची मुलगी उभी राहील, बेबीला आतल्या खोलीत बसवू, दार लावून घेऊ. हे काकाजींच्या कानावर आलं त्या दिवशी चक्कीच्या वर त्यांचा आवाज गेला. "तिच्या सख्ख्या भावाचं लग्न आहे! अन् ते कोंडून बसन? माझी पोरगी मांडवात उभी राहीन, मंग जे व्हायचं ते हो!" बेबी तेव्हा आत कान दाबून बसली होती. तिच्याचसाठी चाललेलं भांडण तिलाच सोसत नव्हतं.

मग एकेक खोका यायला लागला. काकाजी पीठ झटकून, हात साबणानं धुऊन ओट्यावर बसत आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं हेडफोन निरखून बघत. परत पाठवायची वस्तू म्हणून काकूंच्या जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे त्याच्या गाद्यांना गुंडाळत. "दुसऱ्याच्या कानाले लागन मंग, आपला घाम कायले द्यायचा." बेबीला मात्र ते जवळ येऊ देत नसत. मी म्हटलं, तिलाच घालून बघू द्या ना सरळ. ते म्हणाले, "बेबी एकच बारी भरवसा ठेवते, मॅडम. पहिलाच टोचला तं दुसरा ते डोक्याले लावू देणार नाही. आपण पास करू अन् मंगच देऊ."

आधी आरामाची परीक्षा. हेडफोन घालून ते सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चक्की चालवत, गहू ओतत, पोती ढकलत. भर उन्हाळा, टिनाचं शेड. दुपारी काढला की माझ्यासमोर येऊन कान पुढं करत, "पाहा, लाल झाला का?" एकाचा पट्टा डोकं चिमट्यात धरावं तसा आवळायचा, तो नापास. एकाच्या गाद्यांखाली कान उकडून निघायचे, तोही नापास. काकूंच्या डोक्यावर घालून त्यांनी त्यांना पोळ्या लाटायला बसवलं, कारण काकूंच्या आणि बेबीच्या डोक्याची घडण एक आहे म्हणे. काकू पदर सावरत म्हणाल्या, "बाप्पा! या वयात मले काय काय करायला लावता! कोणी आलं तं काय म्हणन?" पण लाटल्या, सगळ्या लाटल्या. वाकलं की एक हेडफोन घसरून परातीत पडला. नापास.

आठवडी बाजारात ते डोक्यावर हेडफोन घालून फिरले तेव्हा सानगडी हसली. कुणी म्हणालं, "म्हातारपणी गाणे ऐकून राहिले काय, काकाजी?" त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते मिरच्यांची पोती ओलांडत सरळ चालत राहिले. हसणाऱ्यांचा मला संताप आला होता. त्यांच्यातल्या निम्म्यांनी कधी बायकोच्या डोकेदुखीसाठी गोळी आणली नसेल.

आवाजाच्या परीक्षेची रीत त्यांची स्वतःची होती. बेबीला जगात एक आवाज आवडायचा, सुपातून धान पडण्याचा. काकू धान पाखडायला बसल्या की ती जवळ येऊन बसायची, सुपाशी कान नेऊन, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी एरवी कधी पाहिलं नाही. काकाजींनी मला तो आवाज मोबाईलवर भरून घ्यायला लावला. काकू पाखडताहेत, चक्की बंद, गल्लीतल्या लोकांना दम देऊन ठेवलेला. प्रत्येक हेडफोनवर ते हाच आवाज लावत, डोळे मिटून ऐकत आणि निकाल देत. "याच्यात धान नाही, रस्त्याची गिट्टी पडून राहिली." किंवा "हा मुका आहे." मला हसू यायचं, पण परीक्षा खरी होती. ज्याच्यात धान धानासारखं पडत नाही तो बेबीच्या काय कामाचा?

शेवटी दोन उरले, एक काळा आणि एक निळा. डोक्याला दोन्ही हलके, कानाला दोन्ही मऊ. मी दोन्ही लावून धान ऐकलं. काळ्यात ते तसंच पडत होतं जसं काकूंच्या सुपातून पडतं. निळ्यात प्रत्येक दाणा टाचणीसारखा कानात यायचा. मी स्पष्ट सांगितलं, "काकाजी, काळा ठेवा. निळा किरकिरा आहे."

"काळा मुका आहे," ते म्हणाले.

"मुका नाही, मऊ आहे."

"मॅडम, मी उभा जन्म धानाचा आवाज ऐकून राहिलो. दाणा ओला का सुका ते मी पडण्यावरून सांगतो. काळ्यात मले धान ऐकूच येत नाही. निळ्यात एक एक दाणा ऐकू येते."

मी चिडले. म्हटलं, मग मला विचारता कशाला? ते गप्प बसले नाहीत, मीही बसले नाही, खाली काकू "आता भांडता काय मशिनीसाठी" म्हणत राहिल्या. त्यांनी निळा डोक्यावर चढवला, हालर आणि गिरणी दोन्ही एकदम चालू केली आणि मध्ये जाऊन उभे राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "सगळं खाल्लं यानं. पास." काळा परत गेला.

निळा बेबीला दिला तो चक्की चालू असताना. काकूंनी तिच्या कानांवर ठेवला, बटण दाबलं. बेबीनं शेडकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच चक्की सुरू असताना अंगण ओलांडून परसात गेली. रांगेतल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. काकाजी हालरच्या मागं तोंड लपवून उभे होते. मला वाटलं, माझंच चुकलं, म्हाताऱ्याचे कान खरंच जाणते आहेत.

डीजे लावायचा नाही हे त्यांनी राकेशला आधीच सांगितलं होतं आणि त्यानं निमूट मानलं होतं. पण हळदीला सनई नाही असं कसं? भाऊबंद अडून बसले. सनईशिवाय हळद लागत नाही. काकाजींनी फार ताणलं नाही. जो हालर खातो त्याला सनई म्हणजे काय, असं त्यांना वाटलं. चक्कीवाल्याला जगातला सगळ्यात वाईट आवाज चक्कीचाच वाटणार.

हळदीच्या दिवशी बेबी पिवळी साडी नेसून, कानांवर निळा हेडफोन आणि हातात करा घेऊन राकेशच्या मागं उभी राहिली. मी समोरच होते. राकेश वळून वळून तिच्याकडं बघत होता. बायांचा गलका, पोरांची पळापळ, तरी ती उभी होती. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती. मग वाजंत्र्यांनी सनई तोंडाला लावली.

ते यंत्र एकसारखा घरघराट खातं. टोकदार, उंच आवाज त्याच्या दाढेखाली येत नाही. हे मला नंतर समजलं. खालचा गलका सगळा पुसला गेला होता आणि त्या शांततेत ती सनई एकटी, उघडी, सुरीसारखी तिच्या कानात शिरली. करा खाली पडून फुटला. बेबीनं हेडफोन ओरबाडून फेकला, कान दाबले आणि जो आवाज काढला तो मला आजही ऐकवत नाही. ती मांडवातून पळाली आणि बंद चक्कीच्या शेडमध्ये, हालरच्या मागं भुशात जाऊन बसली. बापाला तिच्याजवळ जाता येईना, कारण त्याला हाक मारता येत नव्हती. ते शेडच्या दारात हात जोडून उभे होते, कुणापुढं कोण जाणे. मांडवात दुसरा करा आणला गेला आणि चुलत्याच्या मुलीनं तो धरला.

लग्न आटोपलं, पाहुणे गेले. काकाजी बोलेनासे झाले, तेव्हा ते घर किती मोकळं मोकळं वाटायला लागलं! तो ओरडा मला हवाहवासा झाला. एकदा मी खाली काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते, काकाजी पाटावर निळा हेडफोन घेऊन उलटसुलट करत होते. म्हणाले, "मॅडम, सगळं खाल्लं होतं ना यानं. सनई कशी गेली आत?" त्यांनी तो कानांवर चढवला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी कुकरकडं बोट दाखवून खुणेनं विचारलं, ऐकू आली का? त्यांनी मान हलवली, नाही. आणि समाधानानं म्हणाले, "पाहा, शिट्टीबी खाल्ली."

मी तो त्यांच्या डोक्यावरून काढून माझ्या कानांवर घातला. पुढची शिट्टी मला लख्ख ऐकू आली, किंचित दुरून, पण जशीच्या तशी. मी काकाजींकडं बघितलं. त्यांचे कान उघडे होते, शिट्टी चालू होती, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत होते.

"वाजली का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी गॅस बंद केला. मग काकूच म्हणाल्या, "तुम्हाले कुकर ऐकू येत नाही, हे मले किती वर्षांपासून माहीत आहे. मले वाटलं, तुम्हाले माहीत असन."

काकाजींनी हात लावून आपले दोन्ही कान चाचपले, जसे ते जागेवर आहेत की नाही बघावं. चक्कीनं उंच आवाज त्यांच्यापासून कधीच काढून नेले होते. म्हणून राकेश फोनवर ऐकू येत नव्हता, म्हणून काळ्या हेडफोनात धान मुकं होतं, आणि निळ्यातलं ते टाचणीसारखं टोचणारं धान तेवढं त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं. सताड उघड्या कानांसाठी बंद पडत आलेल्या कानांनी निवड केली होती. ते म्हणाले, "म्हणजे मी माझ्यासाठी घेतला." नेहमीच्याच आवाजात म्हणाले, पण त्या आवाजात काही उरलं नव्हतं.

काळा मी त्याच दिवशी पुन्हा मागवला. आला तेव्हा त्यांनी त्याला हातही लावला नाही. "तुम्ही ऐका, तिच्या मायनं ऐकावं, मी नाही." बेबी आता काहीच डोक्याला लावू देत नव्हती. मग काकूंनीच युक्ती काढली. हेडफोनात धानाचा आवाज लावून तो नुसता सुपात ठेवून दिला, पाखडायच्या जागी. बेबी दोन-तीनदा येऊन बघून गेली. एका सकाळी तिनं तो उचलून कानाजवळ धरला. आणि मग आपला आपण घातला.

त्यानंतरची ती दुपार. वीज गेली म्हणून चक्की बंद होती. बेबी ओट्यावर काळा हेडफोन घालून बसली होती, मी जिन्यात. काकाजी अंग झटकत बाहेर आले आणि सवयीनं काकूंना गरजले, "वाढ वो!" आणि जागच्या जागी थिजले, कारण बेबी हातभर अंतरावर होती.

बेबी दचकली नाही. तिनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं, जसं कुणी बोललं की आपण बघतो तसं.

काकाजींचा हात चिमूट करून तोंडाशी गेला. मग म्हणाले, "बेबी, जेवली का?" गल्लीला ऐकू जाईल असंच म्हणाले. दुसरं त्यांना येतच नव्हतं.

"हौ," बेबी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वांगे होते."

सनईपुढं असल्या यंत्रानं हात टेकले होते, पण बापाचा दांडगा आवाज त्यानं चारचौघांच्या आवाजाइतका करून दिला होता. काकाजी जेवायला आत गेलेच नाहीत. शेडमध्ये जाऊन पट्टा पुसत बसले आणि मी जिन्यातून उठून माडीवर गेले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी चक्की बंद झाली की बेबी हेडफोन घालून ओट्यावर येऊन बसायची, आणि काकाजी शेजारी बसून तिला दिवसभराचं सगळं सांगायचे. कुणाचं धान ओलं निघालं, कुणाची म्हैस व्याली. सुरुवात ठरलेली, "बेबी, जेवली का?" जेवणाची वेळ असो नसो. अख्ख्या गल्लीला रोजच्या बातम्या फुकट मिळत. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, त्याला खंड पडत नसे. भजनी मंडळातल्या एकाला त्यांनी चक्कीवरच बजावून ठेवलं होतं, "मी गेलो तं माझ्या मागं टाळ-मृदंग वाजवाल, खबरदार! बेबी येणार आहे सोबत. एक टाळ वाजला तं उठून बसीन!" लोक हसले होते.

माझी बदली कोंढ्याला, माझ्या माहेरच्या गावी झाली, तरी जाणं-येणं राहिलं. गेल्या हिवाळ्यात राकेशचा फोन आला. काकाजींच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

मी पोहोचले तेव्हा तिरडी उचलत होते. भजनी मंडळ आलं होतं. त्यांनी टाळ हातात घेतले होते आणि दोरीनं करकचून बांधले होते. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं, काकूंनी तोंडात पदराचा बोळा धरला होता. तलावाच्या पाळीवरून अख्खं गाव चाललं होतं आणि फक्त पावलं ऐकू येत होती. गावात सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला सानगडीनं असं पोहोचवलं. बेबी भावाच्या शेजारून विसाव्यापर्यंत चालली, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, चारचौघांत, उघड्या कानांनी. तिथून बाया परत फिरल्या, तशी तीही फिरली.

संध्याकाळी शेजारच्या घरून डबा आला. कुणी जेवलं, कुणी नाही. नेहमीची वेळ झाली तशी बेबी उठली, काळा हेडफोन घातला आणि ओट्यावर जाऊन बसली. शेडच्या बंद दाराकडं तोंड करून. ती आवाज बंद करायला बसलेली नव्हती. ते घातलं की बाबांचं बोलणं येतं, एवढं तिला ठाऊक होतं. आम्ही सगळे दारात उभे होतो आणि एकालाही तिच्याकडं जायची हिंमत होईना.

राकेशच गेला. शेडच्या दाराशी, बाप उभा राहायचा तिथं उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस ओरडला, "बेबी, जेवली का?" आवाज मध्येच फाटला. गल्लीतली दारं उघडली.

बेबी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हातांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला.

"भाऊ, तू काहून ओरडून राहिला?" ती म्हणाली. "मले ऐकू येते."

आणि ओट्यावर थोडी सरकून तिनं त्याला बसायला जागा करून दिली.